हाताच्या दुखण्यावर करंट आणि अल्ट्रासाउंड

हात, मनगट, कोपर किंवा खांदा दुखायला लागला की फिजिओथेरपीत जी मशीन लावतात त्या उपचारांना मिळून इलेक्ट्रोथेरपी म्हणतात. पेशंटच्या भाषेत सरसकट "मशीनचा शेक", पण त्यातल्या निम्म्या मशीन शेक देतच नाहीत. टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, रॅकेट न धरलेल्या, ओले कपडे पिळणाऱ्या बायकांनाही होतो), कार्पल टनेल (मनगटात नस दबणं), फ्रोजन शोल्डर (आखडलेला खांदा), प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात, ही नेहमीची गिऱ्हाइकं.

सगळ्यात साधं टेन्स, म्हणजे कातडीवरून नसांना दिलेला हलका करंट. छोटी डबी, वायरी, चिकटणारे पॅड, आणि मुंग्या आल्यासारखी झिणझिण. यामागची गेट कंट्रोल थिअरी मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडली: स्पर्शाच्या जाड नसा चाळवल्या की मज्जारज्जूत दुखण्याच्या सिग्नलला फाटक लागतं, कोपर आपटल्यावर आपण चोळतो ना, तेच. दुखणं कमी होतं, बिघाड दुरुस्त होत नाही. म्हणून त्या वेळात व्यायाम उरकायचा असतो, आणि लोक नेमका तोच टाळून घरी जातात.

अल्ट्रासाउंड म्हणजे सोनोग्राफी नव्हे, इथे चित्रबित्र काही दिसत नाही. १ मेगाहर्ट्झच्या लहरी खोल जातात, ३ च्या वरवर राहतात, त्यामुळे कोपराच्या कातडीखाली लगेच असलेल्या टेंडनला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) बहुतेकदा ३ च्या वापरतात. मशीन आणि कातडीच्या मध्ये हवा राहिली तर लहरी परत फिरतात म्हणून ते गारगार जेल, आणि हेड (मशीनचं कातडीवर टेकवायचं टोक) गोल गोल फिरवत ठेवावं लागतं, एका जागी धरलं की आत हाडापाशी चटका बसतो. बोटांचं काम अवघड, उंचसखल सांध्यांवर हेड नीट टेकतच नाही. मग हात कोमट पाण्याच्या टबात बुडवून हेड साधारण एक सेंटीमीटर लांबून फिरवतात, कातडीवर जमलेले बुडबुडे मध्येमध्ये पुसत.

फायदा किती यावर मात्र वाद आहे. कार्पल टनेलवर १९९८ साली व्हिएन्नात एक अभ्यास झाला, त्यात दोन्ही मनगटं दुखणाऱ्या पेशंटच्या एका हाताला खरी मशीन आणि दुसऱ्याला नुसतं नाटक, प्रत्येकी १५ मिनिटं, २० सिटिंग. खऱ्या हाताला जास्त आराम पडला. पण नंतर सगळे अभ्यास एकत्र बघितले तर पुरावा तसा तोकडाच निघाला.

नस दबून मनगट लोंबकळलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्नायू हलता ठेवायला करंट देतात, आणि नस तुटलेल्या स्नायूला जास्त लांबीचा झटका लागतो, साध्या छोट्या झटक्यांना तो दाद देत नाही.

पेसमेकर असेल तर करंट साधारणपणे नकोच, गाठ कॅन्सरची असेल तर त्यावर अल्ट्रासाउंड नको. डायबेटिसवाल्यांच्या बोटांना चटका कळत नाही, म्हणून आधी एका नळीत गरम, एका नळीत गार पाणी घेऊन डोळे मिटायला सांगतात आणि नळ्या हाताला टेकवतात, कुठली गरम, कुठली गार ते ओळखता आलं नाही तर त्या हाताला शेक द्यायचाच नाही.