गुणफलकाविना रग्बी : ‘गोल्डन ओल्डीज’ महोत्सवाची पार्श्वभूमी

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात १९७९ साली प्रौढ रग्बीपटूंचा पहिला ‘गोल्डन ओल्डीज’ जागतिक महोत्सव भरला, तेव्हा रग्बी युनियनची विश्वचषक स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. ती सुरू व्हायला आणखी आठ वर्षे जायची होती. ऐन उमेदीतल्या खेळाडूंच्या आधी पस्तिशी ओलांडलेल्यांचा जागतिक मेळा भरावा, हा क्रम उलटा वाटतो खरा. परंतु रग्बीचा इतिहास पाहिला की तो अगदी स्वाभाविक ठरतो. ज्या हौशीपणाच्या आग्रहामुळे विश्वचषक इतकी वर्षे रखडला, त्याच आग्रहातून हा महोत्सव जन्माला आला. या महोत्सवाकडे केवळ निवृत्तांची करमणूक म्हणून पाहणाऱ्यांना त्याचे हे मूळ दिसत नाही, आणि ते दिसल्याशिवाय त्याचे नियम समजत नाहीत, असे मला वाटते.

हौशीपणाचा हा आग्रह एकोणिसाव्या शतकातला आहे. उत्तर इंग्लंडमधील क्लबांतून खेळणारे बरेचसे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत काम करणारे होते. शनिवारच्या सामन्यासाठी त्यांचा जो रोज बुडे, त्याची भरपाई मिळावी एवढीच त्यांची मागणी होती. लंडनमधील नियामक मंडळाने ती मान्य केली नाही आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात भरलेल्या बैठकीत उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे तिचाच ‘रग्बी लीग’ झाला. उरलेल्या रग्बी युनियनने मात्र पैसा न घेणे हीच आपली ओळख मानली आणि ती तब्बल शंभर वर्षे कसोशीने जपली. या भूमिकेत न्याय किती होता हा वेगळा प्रश्न आहे, आणि रोज बुडणाऱ्या कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्याचे उत्तर फारसे सुखद नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, मैदानावर मिळणाऱ्या मोबदल्याची जागा मैदानाबाहेरच्या गोष्टींनी घेतली : दौरे, पाहुणचार, सामन्यानंतरचे एकत्र जेवण, आणि आयुष्यभर टिकणाऱ्या ओळखी.

दौरा हा त्या काळी शब्दशः आयुष्यातला एक कालखंड असे. १८८८ साली ब्रिटिश बेटांतून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला गेलेला पहिला संघ मार्चमध्ये जहाजात बसला आणि परतला तो नोव्हेंबरमध्ये. त्या संघाचा कर्णधार रॉबर्ट सेडन ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील मेटलंडजवळ हंटर नदीत होडी उलटून बुडाला, तरी उरलेल्यांनी दौरा पुरा केला. इतके महिने नोकरीधंदा सोडून राहणे ज्यांना परवडे त्यांनाच असे दौरे शक्य होते. बाकीच्यांच्या वाट्याला शेजारच्या परगण्यातले किंवा सुट्टीतले छोटे दौरे येत. अशाच छोट्या दौऱ्यांतून १८९० साली पर्सी कारपमेल यांनी ‘बार्बेरियन्स’ हा संघ उभा केला. त्याला स्वतःचे मैदान नाही, क्लबघर नाही. सभासदत्व केवळ निमंत्रणाने मिळते, आणि खेळाडू संघाचा काळा-पांढरा जर्सी घालत असला तरी पायांत मोजे मात्र आपापल्या क्लबचे घालतो. एका रांगेत उभ्या असलेल्या पंधरा जणांच्या पायांत पंधरा रंगांचे मोजे दिसतात, तेव्हा सामन्यापुरती एकत्र आलेली ही माणसे कुठून कुठून आली आहेत हे न सांगता कळते. पुढच्या काळातील प्रौढांच्या महोत्सवांत निरनिराळ्या क्लबांचे खेळाडू मिळून संघ पुरा करतात, त्याची रीत इथे आधीच घालून दिलेली होती.

रग्बीच्या या सामाजिक बाजूचा एक पुरावा चांदीच्या रूपात आजही शिल्लक आहे. कलकत्त्यात १८७३ साली निघालेला रग्बी क्लब पाच वर्षांतच बंद पडला. क्लबातले फुकटचे मद्य बंद झाल्यावर सभासद रोडावले, असे त्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. उरलेल्या सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी मंडळाला भेट दिला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळत आले आहेत. खेळापेक्षा बैठकीसाठी येणाऱ्यांचा क्लब मोडला आणि त्याच्या पैशातून आंतरराष्ट्रीय रग्बीतला एक सर्वांत जुना चषक झाला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ऑकलंडचा महोत्सव भरला, हा निव्वळ योगायोग असला तरी नोंदवण्याजोगा आहे.

सामन्यानंतरच्या या बैठकीला फ्रान्समध्ये ‘तिसरा हाफ’ म्हणतात आणि इटलीतही तशाच अर्थाचा शब्द रूढ आहे. खेळाचे दोन हाफ संपले की दोन्ही संघांनी एकत्र खाणेपिणे करायचे, ऐंशी मिनिटांत जे काही घडले ते तिथेच मिटवायचे, असा त्याचा अर्थ. ज्या खेळात एकमेकांना आडवे पाडणे हा कायदेशीर भाग आहे, त्यात ही प्रथा नुसती हौस म्हणून टिकलेली नाही. तिच्यावाचून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच संघाशी खेळणे अवघड झाले असते. मोठ्या क्लबांत तिसरा, चौथा, पाचवा असे उतरत्या क्रमाचे संघ असत, आणि पहिल्या संघातून बाहेर पडलेला खेळाडू हळूहळू त्या पायऱ्या उतरत चाळिशीपर्यंत खेळत राही. प्रौढांचे रग्बी म्हणून वेगळे काही नव्हते. क्लबच्या तळच्या संघात ते आपोआप सामावलेले होते.

त्याला स्वतंत्र रूप फार लवकर दिले ते जपानने, आणि हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा. महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली असताना, १९४८ साली, टोकियोत चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूंसाठी ‘फुवाकू’ नावाचा क्लब स्थापन झाला. या नावाला कन्फ्यूशियसच्या प्रसिद्ध वचनाचा आधार आहे. पंधराव्या वर्षी आपले मन विद्येकडे वळले, तिसाव्या वर्षी आपण पायावर उभे राहिलो आणि चाळिसाव्या वर्षी मनातला संभ्रम फिटला, असे तो सांगतो. ‘फुवाकू’ म्हणजे तो संभ्रमरहित माणूस. मागोमाग कान्साई भागातील खेळाडूंनी आपला क्लब काढला आणि त्याला ‘वाकुवाकू’ म्हणजे ‘संभ्रमच संभ्रम’ असे नाव दिले, तर क्यूशू बेटावरच्या क्लबाने ‘मेइवाकू’ म्हणजे ‘दुसऱ्यांना होणारा त्रास’ हा शब्द निवडला. तिन्ही नावांत ‘वाकू’ हे एकच अक्षर आहे. चाळिशीनंतरही रग्बी खेळणाऱ्याकडे घरचे आणि शेजारचे कोणत्या नजरेने पाहतात, हे या तीन नावांत मिळून सांगितले गेले आहे.

या क्लबांनी वयाची खूण खेळाडूच्या हाफपँटवर आणली. चाळिशीतल्यांना पांढरी, पन्नाशीतल्यांना गडद निळी, साठीतल्यांना लाल, सत्तरीतल्यांना पिवळी, ऐंशीतल्यांना जांभळी आणि नव्वदी गाठलेल्याला सोनेरी. मैदानावर समोरून चेंडू घेऊन कोणी येत असेल तर त्याचा चेहरा दिसण्याआधी त्याच्या पँटचा रंग दिसतो, आणि अंगावर किती जोराने जायचे हे त्या क्षणी ठरवता येते. नियमपुस्तकातल्या चार पानांचे काम तिथे एक रंग करतो. शिवाय रंग बदलणे हा मानाचा प्रसंग ठरतो, ही त्यातली मला सर्वांत हृद्य वाटणारी बाब आहे, कारण एरवी खेळात वय वाढणे म्हणजे फक्त गमावणेच असते.

सत्तरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये या सगळ्याला अनुकूल परिस्थिती जुळून आली. रुंद बांध्याची जेट विमाने १९७० पासून प्रवासी वाहतुकीत आली होती आणि जो प्रवास १८८८ साली कित्येक आठवडे घेई, तो आता दीड दिवसात होऊ लागला होता. एअर न्यूझीलंड या राष्ट्रीय विमान कंपनीत १९७८ साली देशांतर्गत सेवा देणारी कंपनी विलीन झाली होती, आणि एवढ्या दूरच्या देशात परदेशी पाहुणे आणायचे तर त्यांना यायला काही कारण हवे होते. हॉक्स बे प्रांतातील रग्बी प्रशासक टॉम जॉन्सन यांच्या पुढाकाराला या कंपनीचे पाठबळ मिळाले आणि महोत्सवाची कल्पना साकारली. पस्तीस-चाळीस वर्षांचा क्लब खेळाडू हा स्वतःच्या खर्चाने येणारा, अनेकदा पत्नीला बरोबर आणणारा आणि सामन्यांच्या मधल्या दिवसांत देश पाहणारा पाहुणा असतो. यात विमान कंपनीचे व्यापारी हित उघड होते, पण त्यामुळे मूळ कल्पना बिघडली नाही. कारण तिला प्रेक्षकांच्या तिकिटांवर किंवा दूरचित्रवाणीवर अवलंबून राहावे लागले नाही. खेळणारे हेच इथले गिऱ्हाईक होते.

त्या वर्षांत न्यूझीलंडचे राष्ट्रीय रग्बी मात्र वादात सापडलेले होते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी न्यूझीलंडने रग्बी संबंध ठेवल्याच्या निषेधार्थ आफ्रिकेतील बहुतेक देशांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता, आणि १९८१ साली दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या दौऱ्यावरून तर न्यूझीलंडमधील घराघरांत फूट पडली, रस्त्यांवर निदर्शने झाली, सामने उधळले गेले. पहिला महोत्सव या दोन घटनांच्या मधोमध येतो. महोत्सवातील संघ देशाचे नव्हे तर क्लबांचे, मित्रमंडळींचे होते, एवढा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

महोत्सवाचे ब्रीद ‘मौज, मैत्री आणि बंधुभाव’ असे ठरले आणि त्याला धरूनच नियम आखले गेले. किमान वय ३५. महोत्सवाला विजेता नाही, अंतिम सामना नाही, गुणतक्ता नाही. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू वाकून, खांद्याला खांदा भिडवून जे कडे करतात, त्यात नेहमीच्या खेळात सगळे बळ लावून रेटारेटी चालते आणि तो सगळा भार पुढच्या फळीच्या मानेवर येतो. प्रौढांच्या खेळात स्क्रम जुळवला जातो, पण रेटायचे नसते. ज्या बाजूने चेंडू आत टाकला तिला तो मिळतो. मैदानभर धावायला लावणाऱ्या लांब किकनाही बहुतेक ठिकाणी आवर घातलेला असतो. पँटच्या रंगांची पद्धत इथेही आहे. वयाची नेमकी मर्यादा महोत्सवागणिक थोडीफार बदलते, पण सर्वसाधारण रीत अशी की लाल पँटवाल्याला उभ्याउभ्या धरून थांबवता येते, पाडता येत नाही, आणि सोनेरी पँटवाल्याला तर हातही लावायचा नाही.

गुण न मोजण्याचा निर्णय यातला सर्वांत महत्त्वाचा म्हटला पाहिजे. पन्नाशीतल्या माणसाला इजा होते ती बहुधा शरीर थकल्यामुळे नव्हे, तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या शरीराला जे जमत होते ते आजही जमेल या भरवशावर जिंकण्याच्या भरात केलेल्या एखाद्या हालचालीमुळे. जिंकण्यासारखे काही ठेवलेच नाही तर तो भर ओसरतो. बर्म्युडात १९८८ पासून माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची स्पर्धा भरते, तिथे वयाची अट असली तरी चषकही असतो आणि खेळ चुरशीचा होतो. ती स्पर्धा आपल्या जागी उत्तम आहे, पण तिचे मूळ प्रेक्षणीय रग्बीत आहे. गोल्डन ओल्डीजचे मूळ क्लबच्या पाचव्या संघात आहे.

विश्वचषकाला आंतरराष्ट्रीय मंडळाने मार्च १९८५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत मान्यता दिली, तेव्हाही स्कॉटलंड आणि आयर्लंडचा विरोध होता, आणि त्यांची भीती हीच होती की एवढी मोठी स्पर्धा आली की पाठोपाठ पैसा येईल. ती भीती खरी ठरली. १९८७ च्या मे-जूनमध्ये १६ संघांची पहिली स्पर्धा न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात झाली, ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडने फ्रान्सला २९–९ असे हरवले, आणि २६ ऑगस्ट १९९५ रोजी, हडर्सफील्डच्या त्या बैठकीला शंभर वर्षे व्हायला तीन दिवस कमी असताना, मंडळाचे अध्यक्ष व्हर्नन प्यू यांनी पॅरिसमध्ये खेळ व्यावसायिकांना खुला झाल्याचे जाहीर केले. अव्वल खेळाडूंसाठी हे योग्यच झाले. त्यांच्या श्रमांवर इतरांनी मिळवावे आणि त्यांनी रजा टाकून खेळावे, हे फार काळ चालणारे नव्हते. पण स्वखर्चाने दौरा आखायचा आणि यजमानांबरोबर जेवायचे, ही सगळी रीत त्यानंतर वरच्या पातळीवरून उतरून प्रौढांच्या आणि क्लबांच्या रग्बीत मुक्कामाला आली.

महोत्सव दरम्यान देशोदेशी फिरत राहिला. एडिंबरा (२००८), सिडनी (२०१०), फुकुओका (२०१२), कार्डिफ (२०१६) या शहरांनी त्याचे यजमानपद केले, क्रिकेट, हॉकी आणि नेटबॉल या खेळांतही त्याच नावाचे महोत्सव सुरू झाले, आणि युरोपातील प्रौढ संघांनी आपला वेगळा महोत्सव उभा केला. यांपैकी फुकुओका हे क्यूशू बेटावरचे शहर, म्हणजे ‘मेइवाकू’वाल्यांचा मुलूख, रंगीत हाफपँटची परंपरा जिथे अनेक दशके नांदत होती, त्या देशात महोत्सव तेव्हा गेला. २०१८ साली तो न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला भरला. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात या शहराचे स्टेडियम मोडल्यामुळे त्याच वर्षीच्या विश्वचषकातील तिथले सगळे सामने दुसरीकडे हलवावे लागले होते. प्रौढांच्या रग्बीला स्टेडियम लागत नाही. गवताची मैदाने, गोलपोस्ट आणि सामन्यानंतर बसायला एखादा मांडव एवढ्यावर त्याचे भागते.