पार्श्वभूमी: समासातली गोगलगाय, मीम आणि फोटोच्या मालकीचा वाद

जुनी सजावटी कला आणि मीम यांचे नाते सांगताना सगळेच गोगलगायीपासून सुरुवात करतात, तेव्हा ती आधी उरकून टाकू. साधारण १२९० ते १३१० या काळात मुख्यतः उत्तर फ्रान्समध्ये तयार झालेल्या हस्तलिखितांच्या समासांत चिलखतातला सरदार गोगलगायीशी लढताना दिसतो. काही पानांवर तर तो तलवार टाकून तिच्यापुढे गुडघे टेकतो. १९६२मध्ये एका अभ्यासिकेने २९ हस्तलिखितांतली अशी ७० चित्रे नोंदवली आणि ही गोगलगाय म्हणजे त्या काळी बदनाम असलेले लोंबार्ड (उत्तर इटलीतले) सावकार, असा अर्थ लावला. तो सर्वांना पटलेला नाही. चित्र पाहून हसू येते, पण ते कुणाला हसण्यासाठी काढले होते हे हरवले आहे. दहा वर्षांपूर्वीच्या मीमचीही हीच गत होते.

त्याआधीचे थोडक्यात. ११२५च्या सुमारास एका मठाधिपतीने मठाच्या आवारात कोरलेली माकडे, अर्धमानव आणि एका डोक्याला अनेक धडे असलेले प्राणी यांवर जोरदार टीका केली होती. भिक्षू ग्रंथ सोडून दगडच वाचत बसतील, ही त्याची तक्रार. त्या प्राण्यांचे वर्णन मात्र त्याने इतके रंगवून केले आहे की तोही बराच वेळ पाहत उभा राहिला असणार.

चाहतेगिरीचा धागा एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानमध्ये सापडतो आणि माझ्या मते तो गोगलगायीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची ठसेछापील चित्रे चाहते हौसेने विकत घेत. हातपंख्यांवर लावायलाही ती छापली जात. १८४२मध्ये सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रे छापायला बंदी घातली. मग एका चित्रकाराने कासवांना नटांचे चेहरे दिले आणि पुढे पोराने भिंतीवर ओरखडल्यासारख्या रेघोट्यांतही नट काढले. चेहरेपट्टीवरून चाहते आपला नट ओळखत. आजही जपानी गायकांच्या कार्यक्रमांना चाहते लाडक्या गायकाचे नाव किंवा चेहरा असलेला तसाच पंखा घेऊन जातात.

इंटरनेटवर जुन्या कलेचे मीम करण्याच्या प्रकाराला मोठे यश दिले ते फ्रान्समधल्या बायो गावच्या भरतकामाने. अकराव्या शतकातले हे सुमारे ७० मीटर लांबीचे कापड. त्यातले घोडे, सैनिक आणि जहाजे हवी तशी मांडून वर जुन्या वळणाचा मजकूर लिहिता येईल असे साधन दोन जर्मन विद्यार्थ्यांनी २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्लॅश या वेबपानांवर ॲनिमेशन चालवणाऱ्या तंत्रात बनवले. २०२०अखेर फ्लॅश बंद झाले, पण तोवर हे साधन नव्या तंत्रात पुन्हा बांधले गेले होते.

खरी गाठ मात्र पुढेच आहे. चित्र सातशे वर्षांपूर्वीचे, त्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही, हे सर्वमान्य. पण ते पान असते कपाटात. लोकांच्या हाती येतो तो त्याचा फोटो. तो कुणाचा?

न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयापुढे हा प्रश्न आला. संग्रहालयांतल्या चित्रांच्या फोटोंचे परवाने विकणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने, तशी चित्रे सीडीवर घालून विकणाऱ्या कॅनडाच्या कंपनीला कोर्टात खेचले. १९९८मध्ये न्यायाधीशांनी ब्रिटिश कायद्याच्या आधारे दावा फेटाळला. त्यावर आक्षेप आले, फेरविचार झाला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये उत्तर तेच आले: हुबेहूब प्रत काढायला कितीही कसब आणि मेहनत लागो, त्यात स्वतःचे काही नसेल तर ती स्वतंत्र कृती ठरत नाही. निकाल योग्यच आहे, पण त्याचा आवाका फुगवून सांगितला जातो. एक तर तो खालच्या न्यायालयाचा, इतरांवर बंधनकारक नाही. दुसरे म्हणजे तो सपाट चित्रांपुरता. फुलदाणी, खुर्ची किंवा समईचा फोटो काढताना कोन आणि प्रकाश निवडावा लागतो, आणि ती निवड फोटोग्राफरची ठरू शकते. सजावटी कलेतल्या बहुतेक वस्तू सपाट नसतात. मीममध्ये हस्तलिखिते आणि कापडे इतकी, आणि चिनी मातीची भांडी इतकी कमी का, याचे निदान अर्धे उत्तर इथे असावे.

२००९मध्ये लंडनच्या एका व्यक्तिचित्र संग्रहालयाने आपल्या चित्रांचे सुमारे ३,३०० फोटो कुणालाही वापरता येणाऱ्या ऑनलाइन भांडारात टाकणाऱ्या एका अमेरिकी स्वयंसेवकाला वकिलाची नोटीस पाठवली. प्रकरण कोर्टापर्यंत गेले नाही आणि २०१२मध्ये संग्रहालयानेच आपल्या अटी काहीशा सैल केल्या. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका संग्रहालयाने सुमारे सव्वा लाख चित्रे मोठ्या आकारात खुली केली, वर 'यातून तुमचे काहीतरी बनवा' असे आमंत्रणही दिले. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने ३,७५,००० प्रतिमांवरचा हक्कच सोडला. त्यात फर्निचर आणि भांड्यांचे फोटोही आले, म्हणजे सपाट की गोल हा प्रश्नच मिटला.

युरोपात उलटा झटका बसला. २०१८मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुन्या चित्रांच्या साध्या फोटोंनाही संरक्षण मान्य केले. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाच्या निर्देशातल्या (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायच्या नियमांतल्या) कलम १४ने ती वाट बंद केली. ब्रिटन तोवर बाहेर पडण्याच्या बेतात होता, त्याने ते कलम उचलले नाही. तिथे २०२३मध्ये अपील न्यायालयाने एका सॉफ्टवेअरच्या पडद्याविषयीच्या खटल्यात 'मेहनत पुरेशी नाही, सर्जनशील निवड हवी' असे म्हटल्यावर संग्रहालयांचा युक्तिवाद कमकुवत झाला. इटलीत वेगळाच पेच आहे. वारसा कायद्यानुसार धंद्यासाठी प्रतिमा वापरायची तर परवानगी आणि शुल्क लागते, चित्र कितीही जुने असो.

हे सगळे मोकळे झाल्यावर उरतो तो चाहत्यांचा अर्धा भाग. सरदाराच्या जागी आवडत्या मालिकेतला नायक बसवला की गोगलगाय मुक्त, नायक मात्र कुणाच्या तरी मालकीचा. हक्कधारक बहुतेकदा काणाडोळा करतात, तोही स्टिकर आणि कीचेन विकायला सुरुवात होईपर्यंत. आणि संग्रहालयाने फोटोवर हक्क सांगू नये म्हणणारे कित्येक फॅन आर्टिस्ट त्याच गोगलगायीवर स्वतःचा वॉटरमार्क आडवा टाकून मोकळे होतात.