बेल्ट बसवायचाय? आधी फ्रेम बघू या

‘चेन काढा आणि बेल्ट बसवून द्या’ असं म्हणत कुणी सायकल आत आणली की आम्ही त्यांना आधी एक काम करायला लावतो. सायकलच्या उजव्या बाजूला उकिडवं बसायचं आणि मागच्या चाकाशेजारचा फ्रेमचा त्रिकोण बोटाने गिरवायचा. सीटखालून एक नळी आसाकडे उतरते, पॅडलपासून दुसरी नळी तिथेच येते, आणि सीटची उभी नळी त्या दोघींना वरून-खालून जोडते. बोट फिरून परत पहिल्या जागी आलं आणि वाटेत कुठे बोल्ट लावलेला सांधा लागला नाही, तर त्या फ्रेमवर नेहमीचा बेल्ट चढणार नाही. बाकीची चर्चा त्यानंतर.

कारण सोपं आहे. चेनची पिन काढली की तिची दोन टोकं मोकळी होतात, ती त्रिकोणातून ओवायची आणि पुन्हा जोडायची. बेल्ट मात्र बांगडीसारखा अखंड असतो. त्याच्या आत कार्बनचे धागे सलग फिरतात, आणि ते सलग आहेत म्हणूनच तो ताणाने लांबत नाही. एका बंद कडीत दुसरी बंद कडी अडकवता येत नाही, तसंच हे. म्हणून बेल्टसाठी बनवलेल्या फ्रेममध्ये उजव्या बाजूला, बहुतेक वेळा आसाजवळ, उघडता येणारा सांधा ठेवलेला असतो. काही फ्रेममध्ये खालची नळी बेल्टच्या वरून नेलेली असते, तिथे सांध्याची गरजच पडत नाही. ही काही आजची कल्पना नव्हे. १९८७ साली बाजारात आलेली स्ट्रायडा नावाची घडीची सायकल बेल्टवरच चालते.

सांधा नसेल तर फ्रेम कापून बसवता येईल का? स्टीलची असेल तर येईल, पण ते फ्रेम बनवणाऱ्या कारागिराचं काम आहे, आमच्या बाकावरचं नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आम्ही कापत नाही: वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी धातूची ताकद उतरते, आणि ती परत आणायला भट्टी लागते. कार्बनच्या फ्रेमचं तर नावही काढू नका. टोकं सायकलवरच जोडता येणारे बेल्टही मिळतात. त्यांनी त्रिकोणाचा प्रश्न सुटतो, पुढे लिहिलेल्या अटी मात्र सुटत नाहीत.

गिअरचं काय?

बेल्ट आडवा सरकत नाही. त्यामुळे मागे सात-आठ चक्रांचा गठ्ठा आणि चेनला इकडून तिकडे ढकलणारा डिरेलर ही व्यवस्था निघते. उरतात तीन वाटा: एकच गिअर, चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये बंद असलेले गिअर, किंवा पॅडलपाशी बसणारी गिअरपेटी. गिअरपेटीला फ्रेममध्ये वेगळी बैठक लागते, म्हणून ती जुन्या सायकलवर चढवता येत नाही. तशी हवी असेल तर सायकलच तशी घ्या.

हबमधल्या गिअरचा पल्ला टक्क्यांत सांगतात. शिमानोच्या आठ गिअरच्या अल्फिन हबचा पल्ला ३०७ टक्के आहे, म्हणजे सर्वात जड गिअर सर्वात हलक्या गिअरच्या सुमारे तिप्पट. अकरा गिअरच्या अल्फिनचा ४०९, रोलॉफ कंपनीच्या चौदा गिअरच्या हबचा ५२६. सपाट रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर आठ गिअर भरपूर होतात. सामान लादून घाट चढणाऱ्यांनी मात्र आकड्यांकडे नीट बघावं. हब बदलला की चाक नव्याने गुंफावं लागतं, आणि मागच्या दोन ड्रॉपआउटमधली, म्हणजे आस ज्यांत बसतो त्या फ्रेमच्या खाचांमधली, जागा नव्या हबला पुरते का तेही बघावं लागतं. अशा हबना साधारण १३५ मिलिमीटर लागतात, तर जुन्या रस्त्याच्या सायकलींत बऱ्याचदा १३० किंवा त्याहून कमीच जागा असते.

पुढच्या चक्राचे दाते ऐकून ग्राहक दचकतात. ‘पन्नास? एवढं मोठं?’ पण चेनच्या चक्राचे दाते एकमेकांपासून १२.७ मिलिमीटरवर असतात, आणि आम्ही बसवतो त्या गेट्स कंपनीच्या कार्बन बेल्टचे ११ मिलिमीटरवर. त्यामुळे बेल्टचं ५० दात्यांचं चक्र चेनच्या ४६ दात्यांच्या चक्रापेक्षा थोडं लहानच भरतं. पुढे ५० आणि मागे २० म्हणजे गुणोत्तर २.५. तुमचं जुनं ४६-१८ होतं ते २.५६, पायाला फरक फारसा जाणवणार नाही. अडचण व्यासाची नसते, जाडीची असते. बेल्टचं चक्र चेनच्या चक्रापेक्षा बरंच जाड असतं आणि ते फ्रेमच्या नळीला घासू शकतं. हे आम्ही मोजूनच सांगतो, नजरेने नाही.

ताण आणि रेघ

चेनची एखादी कडी कमी-जास्त करता येते. बेल्ट ठरावीक दात्यांचाच मिळतो: ११५, ११८, १२० असा. ११८ दात्यांचा बेल्ट १२९८ मिलिमीटरचा, त्यात कापाकापी नाही. मग नेमका ताण येणार कुठून? चाक मागे-पुढे सरकवता आलं पाहिजे, नाहीतर पॅडलचा आस तरी त्याच्या खोबणीत फिरवून सरकवता आला पाहिजे. दोन्ही सोय नसेल तर आम्ही नाही म्हणतो. स्प्रिंगचा ताणक लावून वेळ मारून नेणं चेनला चालतं, बेल्टला आम्ही ते करत नाही.

ताण कमी असला की जोरात पॅडल मारताना बेल्ट दात्यावरून उडी मारतो. लवचिक फ्रेमवर हे जास्त होतं, कारण जोर आला की मागचा त्रिकोणच वाकतो. ताण जास्त झाला तर बेअरिंगचा जीव जातो. मोजायची पद्धत गमतीची आहे: बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडायचा आणि मोबाइलमधल्या ॲपने त्याचा स्वर मोजायचा. एकाच जागी मोजून भागत नाही. चक्र सूतभर जरी आसाच्या मध्यापासून हललेलं असलं तरी ताण फेऱ्यात कमी-जास्त होतो, म्हणून पॅडल थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी छेडायचं. पुढचं आणि मागचं चक्र एका रेघेत असणंही तितकंच महत्त्वाचं. रेघ चुकली की बेल्टची कड खाल्ली जाते.

हाताळताना

बेल्ट ताणात जबरदस्त, वाकवण्यात नाजूक. तो दुमडायचा नाही, पिळायचा नाही, उलटा करायचा नाही, दोरीने करकचून बांधायचा नाही. आमच्याच बाकावर सुरुवातीच्या काळात एक नवाकोरा बेल्ट चक्रावर चढवताना स्क्रूड्रायव्हरने रेटला गेला. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. थोड्याच दिवसांत तो चालत्या सायकलवर तुटला, कारण आतले धागे त्या दिवशीच गेले होते. तो आम्ही आमच्या पदरचा बदलून दिला, आणि तेव्हापासून चाक सैल केल्याशिवाय बेल्टला हात लावत नाही. पंक्चर काढताना तुम्हीही तेच करा.

तेल अजिबात नको. धूळ बसून किरकिर लागली तर साधं पाणी ओता. त्यानेही थांबली नाही तर सिलिकॉनचा फवारा चालतो, चेनचं तेल नाही.

आमचं प्रामाणिक मत

बेल्टला गंज नाही, पँटवर काळे डाग नाहीत, आणि आवाज इतका कमी की घंटी जास्त वाजवावी लागते. वजन चेनच्या जवळपास एक तृतीयांश. पण स्वच्छ, तेल दिलेली चेन हळू चालवताना बेल्टपेक्षा किंचित हलकीच फिरते, कारण बेल्टला कायमचा ताण द्यावा लागतो. आणि चेन तुटली तर रस्त्याकडेला एक कडी काढून घर गाठता येतं, बेल्ट तुटला तर सायकल ढकलत न्यावी लागते. लांबच्या प्रवासाला जादा बेल्ट सोबत ठेवाच.

कित्येक ग्राहकांशी बोलल्यावर कळतं की त्यांना बेल्ट नकोच असतो, डाग आणि तेलपाणी नको असतं. त्यांना आम्ही हबमधले गिअर आणि चेन पूर्ण झाकणारं कव्हर सुचवतो. फ्रेम कापायला लागत नाही आणि झाकलेली चेन खूप टिकते. यात आमची कमाई कमी होते, पण परत येणारी तक्रारही कमी होते.

येण्याआधी सायकलच्या उजव्या बाजूचे तीन फोटो काढून पाठवा: मागच्या आसाजवळचा, पॅडलजवळचा, आणि मागून चाक व नळ्या यांतली फट दिसेल असा. सोबत पुढच्या-मागच्या चक्राचे दाते मोजून लिहा आणि रोज कुठला गिअर जास्त वापरता तेही. फोटोवरूनच ‘नाही’ म्हणता आलं तर तुमची एक खेप वाचेल.