पार्श्वभूमी : बेळगावकडच्या विज्ञानगप्पा आणि भाषेचा तिढा

पुस्तकांभोवती माणसं जमण्याची सवय सीमाभागाला जुनीच. बेळगावातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पुढे व्याख्यानमाला आल्या, गावोगावी साहित्य संमेलनं भरू लागली. विज्ञानाच्या वाट्याला त्यात फार तर एखादं सत्र यायचं. १९६६ साली मुंबईत मराठीतून विज्ञानप्रसारासाठी परिषद उभी राहिली, १९८७ पासून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होऊ लागला. शाळांत प्रदर्शनं वाढली, पण स्वागत, हारतुरे, आभारप्रदर्शन काही सुटलं नाही.

चहा-कॉफी पीत वैज्ञानिकाला मधेच अडवून प्रश्न विचारायचे, ही पद्धत १९९८ मध्ये इंग्लंडातल्या लीड्समधून पसरली. आपल्याकडे तिला बळ आलं ते २०२० च्या टाळेबंदीत. लस, विषाणू, चाचण्या यांवर घरोघरी वाद होतेच. ते पडद्यावरच्या बैठकांत आले आणि नंतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात, चिरमुऱ्यांच्या चिवड्यासोबत.

खरा तिढा भाषेचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान शाखा घेतली की सगळं इंग्रजीत. या बैठकांत चर्चेला घेतलेलं पुस्तकही बहुधा इंग्रजी. शिवाय कन्नड बोलणारे मित्र येतात, त्यांना नको कसं म्हणायचं? मग तोडगा निघतो : पुस्तक कुठल्याही भाषेतलं, मांडणी मराठीत, प्रश्न ज्याला जमेल तसे. कागदावर हे छानच. प्रत्यक्षात दोघंतिघं अमराठी असले की दहा मिनिटांत सगळे इंग्रजीवर घसरतात आणि निवृत्त शिक्षिका, शेतकी पदविका घेतलेला पोरगा, घरची मंडळी गप्प होतात. जनुकसंपादनावर (सजीवाच्या जनुकांत हवा तो बदल करण्याच्या तंत्रावर) सगळ्यात नेमका प्रश्न त्या पोराकडे असतो : बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल का? म्हणून ‘मराठीतच बोला’ हा आग्रह १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनच्या जखमेचा हट्ट समजून झटकून टाकणं अन्यायाचं आहे. कन्नड मित्रासाठी शेजारी बसून कुणी सांगत गेलं तरी भागतं. (कन्नड मंडळींना बहुतेकदा मराठी कळतं, हे कुणी मोजतच नाही.)

२०२४ मध्ये कर्नाटकात दुकानं-आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हापासून बैठकीचा फलक लावायचीही धास्ती. निरोप मोबाइलवरूनच जातात, त्यामुळे नवं माणूस ओळखीशिवाय येत नाही. निपाणीकरांना तर आधीपासूनच बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं.