प्रश्नमंजूषा-निर्मिती (संगणक कौशल्य मूल्यमापन)

प्रश्नमंजूषा-निर्मिती : विद्यार्थ्यांकडून संगणकावर प्रश्नमंजूषा किंवा प्रश्नावली तयार करून घेऊन त्यांचे संगणक कौशल्य पारखण्याची शालेय पद्धत. यात विद्यार्थी प्रश्नपत्रिका सोडवत नाही, ती बांधतो. गुण विषयज्ञानाला नसून बांधणीला असतात. प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तर आधीच ठरलेले असल्याने तिच्यात अट, तुलना व बेरीज यांचा कस लागतो. प्रश्नावलीत तसे उत्तर नसते. तेथे माहिती कशी गोळा केली व कशी मांडली हे पाहिले जाते. महाराष्ट्रात २०१० पासून रूढ झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिक (शिकत असतानाच होणाऱ्या) भागात उपक्रम, प्रकल्प व प्रात्यक्षिक ही साधने आहेत. ही पद्धत त्यांतच मोडते.

उगम : पद्धतीचे मूळ पुष्कळदा चाचणी-यंत्रांपर्यंत मागे नेले जाते. मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत बहुपर्यायी प्रश्न विचारून गुण मोजणारे यंत्र दाखवले. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापन-यंत्र मांडले; पर्याय निवडण्यापेक्षा उत्तर स्वतः रचण्यावर त्यांचा भर होता. इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास सुरू झालेली प्लेटो ही संगणकावरून शिकवण्याची प्रणाली ही याच परंपरेतील पुढची पायरी मानतात. परंतु या सर्व यंत्रांत प्रश्न रचणारा शिक्षक किंवा तज्ज्ञ असतो आणि विद्यार्थी उत्तरापुरता उरतो, ही या मताची मुख्य अडचण होय.

दुसऱ्या मतानुसार तिचे नाते १९६७ मध्ये आकाराला आलेल्या लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेशी आणि तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सिमोर पेपर्ट यांच्या ‘करून शिकण्या’च्या विचाराशी आहे. पेपर्ट यांच्या वर्तुळातील इडिट हॅरेल यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनमधील एका शाळेत चौथीच्या मुलांकडून इतर मुलांना अपूर्णांक शिकवणाऱ्या आज्ञावली लोगोत लिहून घेतल्या. मुलांची लोगोवरची पकड आणि अपूर्णांकांची समज दोन्ही सुधारल्याचे त्यांनी नोंदवले आहे. यास्मिन काफाई यांनी हेच काम खेळांच्या निर्मितीतून पुढे नेले. दुसऱ्याला विचारण्यासाठी बांधताना बांधणाऱ्याचेच ज्ञान उघडे पडते, हे येथे स्पष्ट दिसते. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. शाळांमध्ये पद्धत पसरली ती बहुधा बरीच नंतर, स्क्रॅच (२००७; चित्ररूप ठोकळे जोडून आज्ञावली बांधण्याचे साधन) व गूगल फॉर्म्स (२००८; ऑनलाइन प्रश्नावलीचे साधन) यांसारखी फुकट व सोपी साधने हाती आल्यावर.

उत्तर जुळवण्याचा प्रश्न : मराठीतून प्रश्नमंजूषा बांधताना खरी कसोटी येथे लागते. ‘जायकवाडी धरण कोणत्या नदीवर आहे?’ या प्रश्नाला ‘गोदावरी’ हे उत्तर ठरवले, तरी मोबाइलच्या कळफलकावर सुचवलेला शब्द निवडला की त्याच्या शेवटी बहुधा एक रिकामी जागा येते आणि साध्या तुलनेत उत्तर चूक ठरते. कोणी ‘गोदावरी नदी’ लिहितो. ‘वेरूळ’ आणि ‘वेरुळ’ दोन्ही प्रचारात आहेत. अंकांचेही तसेच : कैलास लेण्याचा क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला काय आणि इंग्रजी अंकांत लिहिला काय, माणसाला दोन्ही सोळाच, मजकूर म्हणून तुलना केली तर संगणकाला ती दोन निरनिराळी उत्तरे आहेत. पायथॉन या संगणकभाषेत मात्र दोन्हींचे आधी संख्येत रूपांतर केल्यास ती समान ठरतात.

‘पऱ्हाटी’सारख्या शब्दातील अर्धा र ही याहून अवघड गोष्ट. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलंत व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊनही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संकेतांक वेगळे असल्याने जुळत नाहीत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी लेखनरूपे एक करण्याच्या प्रक्रियेनेही) हा भेद मिटत नाही. आठवीच्या विद्यार्थ्याने संकेतांक सांगावेत अशी अपेक्षा नाही. पण ‘दिसतंय तर सारखंच, मग चूक का?’ असे विचारून जो दोन्ही रूपे उत्तरसूचीत घालतो, त्याचे कौशल्य रंगीत पार्श्वभूमी व हलती चित्रे टाकणाऱ्यापेक्षा वरचे धरावे. प्रत्यक्षात गुण अनेकदा उलटे पडतात.

प्रश्नावली : ‘घरी पाणी कुठून येते?’ हा मराठवाड्यातील शाळांना जवळचा विषय. उत्तराची जागा मोकळी सोडली, तर ‘टँकर’, ‘टॅंकर’ आणि ‘टँकरचं पाणी’ अशा वेगळ्या नोंदी होतात. नळ, विहीर, बोअर, हातपंप, टँकर असे पर्याय दिले की हा घोळ संपतो. मात्र पावसाळ्यात बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असणाऱ्या घराला एकच पर्याय निवडायला लावणे चूक ठरते. एकाहून अधिक पर्यायांची मुभा दिल्यास गूगल फॉर्म्सच्या तक्त्यात ती सर्व उत्तरे स्वल्पविरामाने जोडून एकाच चौकटीत येतात, आणि चौकटीत नेमका तोच शब्द असेल तरच मोजणारे तक्त्याचे काउंटइफ सूत्र त्यांतला टँकर वगळते. बेरीज कमी भरते हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते की नाही, याला गुण द्यावेत. नाव, फोन क्रमांक विनाकारण विचारले आहेत का, हेही तपासावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

मराठवाड्यातील स्थिती : माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्यास केंद्राच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) ॲट स्कूल योजनेने (२००४) चालना दिली, ती २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. वीज गेली की कक्ष बंद, म्हणून प्रश्न आधी वहीत बाण काढून मांडणे येथे सोयीचे पडते, आणि तो आराखडाही मूल्यमापनाला उपयोगी पडतो. परीक्षेच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बहुपर्यायी प्रश्नांचा सराव या भागात मुबलक आहे; तो सोडवण्याचा. चुकीचे पर्याय रचताना फरक कळतो : गोदावरीबरोबर पूर्णा, दुधना व मांजरा देणारा विद्यार्थी आणि गंगा, नाईल व ॲमेझॉन देणारा विद्यार्थी यांना सारखे गुण देणे योग्य नव्हे. ऊसतोडीसाठी कुटुंबासोबत दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या मुलांचे काम, विशेषतः बीड जिल्ह्यात, अर्धवट राहते. त्यांची बांधणी टप्प्याटप्प्याने तपासणे इष्ट. छत्रपती संभाजीनगर, परभणी व नांदेड येथील उर्दू माध्यमाच्या शाळांत मजकूर उजवीकडून डावीकडे आणि अंक डावीकडून उजवीकडे चालतात, त्यामुळे पर्यायांची मांडणी वेगळी तपासावी लागते.