मेडॉक मॅरेथॉन: साडेसहा तासांचा हिशेब (आमच्यासोबत येणाऱ्या धावपटूंसाठी)

फ्रान्समध्ये बोर्दोच्या उत्तरेला पोयाक गावी सप्टेंबरात होणाऱ्या या मॅरेथॉनबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाटेत वाइन खरंच फुकट मिळते का? मिळते. छातीवर बिब (स्पर्धक क्रमांकाची पट्टी) असेल तर वीसहून अधिक ठिकाणी मिळते, आणि रस्ता शातो लाफितसारख्या मातब्बर द्राक्षमळ्यांतून जातो. वेळमर्यादेबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. ती साडेसहा तासांची आहे आणि कडक पाळली जाते. मागे पडलेल्यांना उचलत मागून येणाऱ्या गाडीला फ्रेंच लोक ‘झाडूगाडी’च म्हणतात.

चूक नेहमी एकाच बेरजेत होते. समजा, मुंबईला तुम्ही साडेपाच तासांत मॅरेथॉन संपवता. वाटतं, तासभर हाताशी आहे, आरामात पिऊ. पण हजारोंच्या गर्दीत आरंभरेषेपर्यंत पोहोचायलाच दहा मिनिटं जातात. वीस स्टॉलवर प्रत्येकी चार मिनिटं थांबलात (रांग, घोट, फोटो, फोटोलाच जास्त वेळ लागतो) की ऐंशी मिनिटं गेली. एकूण सात तास, म्हणजे अर्धा तास उशीर. वीसही स्टॉल करायचे असतील तर पळताना किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंदांचा वेग हवा, म्हणजे मुळात पाच तासांचा धावपटू हवा.

म्हणून साडेपाच तासवाल्यांना आमचा सल्ला असा: दहा थांबे, प्रत्येकी तीन मिनिटं. उरलेली वीस मिनिटं ऊन आणि शौचालयासाठी राखा. पहिले चार-पाच स्टॉल सरळ सोडून द्या. तिथे घोळका फुटलेला नसतो, त्यामुळे रांग सर्वांत लांब असते. थांबे शेवटासाठी ठेवा. अडतिसाव्या किलोमीटरच्या आसपास कच्चे कालव, मग स्टेक, चीज, आइस्क्रीम अशी ओळ लागते. स्टेक म्हणजे गोमांस, हे आधीच सांगून ठेवतो. शाकाहारी मंडळींनी राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर घरूनच आणावेत.

आता प्यायचं किती? एका स्टॉलवर ५० मिली धरली तर वीस स्टॉलचे एक लिटर होतात. १३ टक्के वाइनमधून साधारण १०० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, आणि शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच निपटतं. शिवाय यकृत त्यात अडकलं की रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मंदावतं. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय लटपटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, सराव कमी पडलेला नसतो. एक-दोन घोट चाखा, मग पाणी आणि काहीतरी खारट. उरलेली वाइन ओतून दिली तर कुणी रागावत नाही. धावताना वेदनाशामक गोळी आणि वाइन एकत्र नकोच.

ऊन ही दुसरी गोष्ट. आपल्याकडच्या मॅरेथॉन पहाटे सुटतात, ही सुटते साडेनऊच्या सुमारास. साडेपाच-सहा तासवाले दुपारी साडेतीन-चारला पोहोचतात. त्यात दरवर्षी वेशभूषेचा विषय ठरलेला असतो. पोशाख भाड्याचा आणि जाड नको. तो घालून निदान १५ किलोमीटर आधी पळून बघा, काखेत आणि मांड्यांत कुठे घासतो ते तेव्हाच कळतं. मळ्यांतून काही ठिकाणी खडी आहे, म्हणून झिजलेल्या तळव्याचे बूट आणू नका.

नोंदणीच्या वेळी आम्ही मागच्या वर्षभरातलं मॅरेथॉनचं वेळेचं प्रमाणपत्र मागतो, त्यावर काही जण नाराज होतात. पण बोर्दो पन्नास-एक किलोमीटरवर आहे, बस एकच असते आणि परतीची वेळ ठरलेली असते. एकजण अडकला की चाळीसजण ताटकळतात. सहा तासांवरच्या धावपटूला आम्ही नाही म्हणत नाही, त्याच्यासाठी पाच थांब्यांचा वेगळा तक्ता करून देतो. पहाटे सहाला बोर्दोहून निघण्याबद्दलही कुरकुर असते. शर्यतीच्या दिवशी पोयाकला जाणारे रस्ते बंद होतात, त्याला आमचा इलाज नाही.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ऑगस्टची वाट पाहू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो आमच्या पॅकेजमध्ये आहे. शर्यत पूर्ण करणाऱ्यांना मिळणारी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. भारतात दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं.

थांब्यांचा सराव मात्र घरीच करायला हवा. जुलैत नाशिकला गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आम्ही ३० किलोमीटरची फेरी ठेवतो. दर तीन किलोमीटरला टेबल, हातात घड्याळ, तीन मिनिटं झाली की शिट्टी. टेबलावर द्राक्षाचा रस असतो, वाइन नाही. मेडॉकच्या पॅकेजवाल्यांना ही फेरी मोफत आहे, इतरांना फक्त नाश्त्याचे पैसे.