खंजिरीची थाप, कॅसेट आणि एमपी३

नागपुरात आणि आसपासच्या गावांत भजन मंडळांकडे खंजिरी भजनांच्या जुन्या कॅसेट अजूनही जपून ठेवलेल्या असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने विदर्भात रुजवलेल्या भजनपरंपरेचा हा मोठा ठेवा आहे, आणि टेपची चुंबकीय फीत झिजण्याआधी तो संगणकावर उतरवून घेतलाच पाहिजे. मात्र उतरवलेली फाइल वेव्ह, फ्लॅक की एमपी३ यांपैकी कोणत्या ध्वनिफाइल-प्रकारात ठेवावी, हा निर्णय बहुतेक वेळा घाईत घेतला जातो. फाइलीचे रूपांतर काही सेकंदांत होते, पण काही रूपांतरे उलटवता येतात आणि काही कधीच येत नाहीत.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. संगणक तो ठरावीक अंतराने मोजतो आणि आकड्यांत लिहून ठेवतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, आणि एखादी वारंवारता (सेकंदाला होणारी कंपने, म्हणजेच हर्ट्झ) नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजणी करावी लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या. प्रत्येक मोजणी १६ बिटांची आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, तर एका मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या वेव्ह फाइलीत हे आकडे सहसा जसेच्या तसे ठेवलेले असतात, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशे मेगाबाइटहून अधिक जागा द्यावी लागते.

फ्लॅक हीच जागा कमी करतो, पण काहीही टाकून न देता. आधीच्या काही मोजण्यांवरून पुढची मोजणी किती असेल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष आकडा यांतील फरक तेवढा साठवतो. अंदाज चांगला असेल तर फरक लहान असतो आणि कमी बिटांत मावतो. फाइल उलगडली की मूळ आकडे शेवटच्या बिटापर्यंत परत मिळतात. कॅसेटच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी: टेपची सततची खरखर अंदाजात बसत नाही, त्यामुळे अशा ध्वनिमुद्रणात जागेची बचत स्वच्छ मुद्रणापेक्षा कमी होते.

एमपी३चा मार्ग अगदी वेगळा आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा असलेले हे तंत्र १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रसिद्ध झाले. त्याचा आधार आपला कान आहे. मोठ्या स्वराच्या जवळच्या वारंवारतेचा बारीक स्वर आपल्याला ऐकू येत नाही, तो झाकला जातो. एमपी३ असे झाकलेले भाग ढोबळपणे लिहितो किंवा वगळतो. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने फाइल मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शावर येते, हे या तंत्राचे खरोखर कौतुकास्पद यश आहे.

परंतु खंजिरी या तंत्राची कठोर परीक्षा घेते. एमपी३ ध्वनीचे छोटे तुकडे पाडून त्यांवर काम करतो आणि त्यातील लांब तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. ढोबळ लेखनामुळे आलेली अशुद्धी त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते. तुकड्याच्या सुरुवातीला शांतता आणि शेवटी खंजिरीची थाप असेल, तर थापेची अशुद्धी थापेच्या आधीच, त्या शांततेत जाऊन बसते. थापेनंतरची अशुद्धी कानाला बराच वेळ झाकलेली राहते, पण थापेआधीची जेमतेम काही मिलिसेकंदच झाकली जाते. म्हणून कडक थाप किंचित भुसभुशीत वाटते आणि चकत्यांची छणछण पाणचट होते. अशा जागी लहान तुकडे वापरण्याची सोय एमपी३मध्ये आहे, पण कमी दरात तीही अपुरी पडते.

हे नुकसान डोळ्यांनीही पाहता येते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत फाइल उघडून वर्णपटाचे, म्हणजे कोणत्या वारंवारता आहेत हे दाखवणारे, दृश्य (स्पेक्ट्रोग्राम) निवडावे. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये बहुधा १६,००० हर्ट्झच्या वरचा पट्टा कापल्यासारखा रिकामा दिसतो. आता तीच फाइल फ्लॅकमध्ये किंवा ३२० किलोबिटच्या एमपी३मध्ये बदलून पुन्हा उघडावी: फाइल फुगलेली असते, पट्टा रिकामाच राहतो. गेलेली माहिती परत आणण्याचा कोणताही मार्ग रूपांतराकडे नसतो. एमपी३वरून एएसी (एमपी३सारखाच, माहिती वगळून फाइल लहान करणारा दुसरा प्रकार) केली, तर उरलेल्यातूनही आणखी काही जाते.

मोबाइलवर चित्रित केलेल्या भजनाचा नुसता आवाज हवा असेल, तर अनेक जण थेट एमपी३ करतात. माझ्या मते ते टाळावे. एमपी४ हा केवळ डबा आहे आणि त्यात आवाज बहुधा एएसी रूपात आधीच असतो. फाब्रीस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रणालीत आवाजासाठी ‘कॉपी’ हा पर्याय दिला, की तो पुन्हा न दाबता एम४ए या दुसऱ्या डब्यात ठेवला जातो. नुसते फाइलीच्या नावाचे शेपूट बदलल्याने मात्र आतले काहीच बदलत नाही. हे सारे घरच्या संगणकावर इंटरनेटशिवाय होते, आणि दर व पर्याय आपल्या हातात राहतात.

कॅसेटची मूळ प्रत म्हणून फ्लॅकच ठेवावी, खरखर काढण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत, आणि पेनड्राइव्हसाठी लागणारी एमपी३ दर वेळी मूळ फ्लॅकवरूनच करावी. फ्लॅक फाइल तयार होताना मूळ आकड्यांवरून काढलेली एमडी५ ही खूण सहसा तिच्याच आरंभी नोंदवली जाते. फ्लॅकच्या प्रणालीत तपासणीची आज्ञा दिली, की फाइल उलगडून ती खूण नव्याने काढली जाते आणि नोंदीशी ताडून पाहिली जाते. डिस्क खराब होऊन आवाजाचे आकडे बदलले असतील, तर तपासणीत चूक दाखवली जाते. अशा वेळी दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली प्रत तपासून तिच्यावरून ती फाइल बदलून घ्यावी.